क्रेपवाली ओदिल आणि माझी नात

या, अशा जवळ येऊन बसा. दारात उभं राहून विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत लिफ्ट गाठायची, ही काय पद्धत झाली? परत आल्यापासून बघतेय, आमच्या नारायण पेठेतल्या सोसायटीत जी भेटते ती दोनच गोष्टी विचारते. आयफेल टॉवर पाहिलात का आणि सेंट आणलंत का. टॉवर पाहिला. सेंट आणलं नाही. झालं समाधान? आता बसा आणि ऐका, कारण माझ्या फ्रान्सच्या मुक्कामात त्या टॉवरला फार जागा नाही. बराचसा वेळ मी तिथे गोड खात होते आणि जळत होते.

माझी मुलगी मुग्धा आणि जावई समीर फ्रान्सच्या पश्चिमेकडे रेन नावाच्या गावात राहतात. दोघंही नोकरीला. नात इरा सहा वर्षांची. मी गेले ती मनात एक बेत धरून. तिकडे जुलै-ऑगस्ट शाळेला सुट्टी असते. मी जूनअखेर परतणार होते. म्हटलं, तिकीट थोडं पुढे ढकलू आणि पोरीला बरोबर घेऊनच येऊ. एवढ्या वर्षांत ती पुण्याला आली दोनदा, त्यातल्या एका खेपेला तिला दातही आले नव्हते. फोनवर मी मुग्धाला यातलं काही बोलले नाही. समोर बसून मागितलं की नाही म्हणणं जड जातं, एवढं मला कळतं.

आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून ते आले नाहीत. निघताना म्हणाले, "पोचलीस की फोन कर. नाही पोचलीस तरी कर."

पॅरिस, एकच दिवस

मुग्धा मला घ्यायला पॅरिसला आली होती. दुसऱ्या दिवशी रेनची गाडी पकडायची, म्हणून मधला एक दिवस आम्ही नुसत्या हिंडलो. एका बागेच्या फाटकाशी हातगाडी होती. त्यावर हा एवढा मोठा, काठ नसलेला गोल तवा. गाडीवाल्याने पळीभर पातळ पीठ ओतलं आणि लाकडी दांडीने असं गर्रकन फिरवलं की बघता बघता तवा भरला. पलीकडची बागसुद्धा दिसेल इतकं पातळ. कडा जाळीदार, तांबूस. मग लांब पात्याच्या उलथन्याने एका झटक्यात उलटलं. इतकी वर्षं धिरडी घालतेय, माझं एकदाही असं फाटल्याशिवाय इतकं मोठं उलटलेलं नाही. तिथेच मला पहिला चटका बसला, आणि तव्याला तर मी हातही लावला नव्हता.

मैदा, दूध, लोणी आणि अंडी. अंडं मी खाते, फक्त घरात शिजवत नाही. वर त्याने चेस्टनटची गोड पेस्ट लावली. आपला शिंगाड्याचा शिरा आठवला, फक्त जरा गुळगुळीत. त्रिकोणी घडी करून कागदात दिलं. बाकावर बसून मी खाल्लं आणि म्हटलं, "मुग्धे, फार सुंदर आहे गं."

ती म्हणाली, "हा काहीच नाही. ओदिलचा खाऊन बघ."

"ओदिल कोण?"

"आमच्या खाली राहते. इराला सांभाळते ना बुधवारी."

संध्याकाळी ह्यांना फोन केला. क्रेप खाल्ला म्हटलं, कसा करतात ते सांगितलं.

"म्हणजे धिरडं," हे म्हणाले.

"मैद्याचं असतं. गोड."

"बरं. आणि त्याला विमानाने जावं लागतं."

रेन, पहिला बुधवार

रेन मला आवडलं. लाकडी पट्ट्यांची तिरपी तिरपी घरं, मधून नदी, आणि जेवणाच्या वेळेला बरीच दुकानं सरळ बंद. दारावर पाटी लावून दुकानदार जेवायला. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. फक्त दुकानात शिरताना आधी नमस्कार करावा लागतो, नाहीतर दुकानदार आपल्याकडे बघतच नाही. आपल्याकडे नमस्कार केला तरी बघत नाही.

इरा पहिले दोन दिवस लाजत होती. मी आंबावडी नेली होती, शंकरपाळे नेले होते. तिने एक शंकरपाळं खाल्लं, "छान आहे आजी" म्हणाली आणि आपल्या खेळाकडे वळली. म्हटलं असू दे, बुधवारी दुपारी शाळा नसते, तेव्हा बघू. बुधवारी मी सकाळीच केस विंचरून तयार बसले. शाळा सुटली, दार वाजलं, इराने दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजी, मी ओदिलकडे जाते. आज क्रेप आहेत. तू पण ये."

तू पण ये! मी, हिची आजी, पाहुणी म्हणून शेजारी जाणार.

ओदिल म्हणजे सत्तरीची उंच बाई. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, ओठांना लाल रंग, आणि दारात सायकल. सायकल शोभेची नाही, त्या वयात ती बाई त्यावरून बाजाराला जाते. पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी राहते. इराने पळत जाऊन तिच्या दोन्ही गालांची पापी घेतली आणि हाक मारली, "ओदिल!" नुसतं नाव. ना काकू, ना आजी. मी मागाहून मुग्धाला म्हटलं, "अगं, वय काय तिचं, काहीतरी म्हणायला शिकव."

"इथे असंच म्हणतात, आई. आणि आजी तूच आहेस ना."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

त्या स्वयंपाकघरात माझ्या नजरेत एकच गोष्ट भरली. दाराजवळ ओदिलचा ॲप्रन टांगलेला होता आणि त्याच्या खाली, बरोबर इराच्या हाताला येईल असा, दुसरा लहान हूक. त्यावर छोटा ॲप्रन. पोरीने न बघता हात मागे केला, तो काढला, बांधला, स्टुलावर चढली. माझ्या घरात तिला चमचे कुठे असतात तेही माहीत नाही.

पीठ झाकून मुरत ठेवलं होतं. इराने ते तव्यावर पसरलं, ओदिलने उलटलं. दोघी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलायच्या आणि खो खो हसायच्या. मी पण हसत होते. कशाला ते मला आजतागायत माहीत नाही.

आणि गंमत बघा, एकही क्रेप कोणी गरम खाल्ला नाही. सगळे करून चळत रचली, वर ताटली पालथी घातली, गॅस बंद केला, आणि मग ओदिल आमच्याबरोबर टेबलाशी बसली. मी खुणेने सांगितलं, गार होतील. तिने खांदे उडवले. आपल्याकडे असं चालतं का? तव्यावरून ताटात, आणि करणारी ओट्याशी उभी. सगळ्यांचं झालं की शेवटचं धिरडं तिने उभ्याउभ्याच खायचं. मी तर आयुष्यभर शेवटचंच खात आलेय. इथे ही बाई पाय लांब करून पहिल्या घासापासून सगळ्यांत बसलेली. त्याचाही मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

क्रेपवर तिने घरी केलेलं कॅरॅमल घातलं. साखर करपवून त्यात खारं लोणी आणि साय. मी घास घेतला. फार चांगलं होतं. वाईट असतं तर किती बरं झालं असतं.

एक ताटली

निघताना ओदिलने निळ्या काठाच्या ताटलीत उरलेले क्रेप घालून दिले. आता तुम्हीच सांगा, शेजारणीची ताटली आपण रिकामी परत करू का? दुसऱ्या दिवशी मी रव्याचे लाडू करायला घेतले. तूप नव्हतं, फ्रिजमध्ये लोणी होतं, त्यातच रवा भाजला. घरातली मंडळी कामाला, म्हणून देवापुढे ठेवले आणि न चाखता इराच्या हाती खाली पाठवले. संध्याकाळी मुग्धाने लाडू तोंडात टाकला आणि थांबली.

"आई, यात मीठ घातलंस?"

त्या भागात साधं लोणी म्हणजेच खारं लोणी. वेष्टनावर लिहिलेलं असतं म्हणे. खारट लाडू! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात इरा वर आली. हातात तीच ताटली, तिच्यावर आलुबुखार घातलेला जाड केकसारखा पदार्थ, आणि निरोप, "ओदिल म्हणाली लाडू फार मस्त आहेत. कसे करतात ते सांगायचं."

आयुष्यभर बिनचूक लाडू केले, कृती कोणी विचारली नाही. बिघडले तेव्हा विचारली, आणि ती कोणी, तर हिने.

बरं, ताटली परत माझ्याकडे आली होती. मी नारळाच्या वड्या पाठवल्या. तिच्याकडून शिंपल्याच्या आकाराचे छोटे केक आले. मी शेवयांची खीर पाठवली, झाकण लावून. तिच्याकडून ॲपल पाय आला. मला वाटलं, अस्सं? ही ऐकत नाही तर. समीर एकदा फ्रिज उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, जेवायचं काही आहे का? म्हणजे, तिखट?"

सेंट-मालो, समुद्रावर

एका रविवारी ओदिल आम्हाला तिच्या गाडीतून सेंट-मालोला घेऊन गेली. जाड दगडी तटाच्या आत वसलेलं गाव आणि बाहेर समुद्र. तिथला समुद्र ओहोटीला इतका आत जातो की सकाळी पाण्यात असलेल्या खडकांपर्यंत दुपारी माणसं चालत जातात. जेवायला, उत्तरेकडे उपासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाचे काळसर, खारे क्रेप होते, त्यांना गालेत म्हणतात. आत चीज आणि मशरूम. चव थेट आपल्या उपासाच्या थालीपिठाच्या जवळची. सोबत सफरचंदाची आंबवलेली दारू, तीही चहाच्या कपातून पितात. मी एक घोट घेतला. ह्यांना सांगू नका.

मग तटावरून चालत असताना मी एक गोड क्रेप घेतला, लिंबू आणि साखरेचा. समुद्र बघत तोंडाकडे नेतेय तोच वरून एक भला मोठा पांढरा पक्षी आला आणि हातातला क्रेप कागदासकट घेऊन गेला. मी ओरडले. इरा हसून हसून खाली बसली. ओदिलने शांतपणे आपला अर्धा क्रेप तोडून मला दिला. घ्यावा लागला. भूक होती.

गावाबाहेर, वाळूला लागून, ओदिलचं छोटं घर आहे. निळी दारं, पुढे गवत. इरा मला हाताला धरून वर घेऊन गेली. तिरप्या छपराखाली एक छोटा पलंग. "आजी, सुट्टीत मी इथे राहणार. ओदिल मला आणखी पोहायला शिकवणार."

मी खाली आले. मुग्धा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि समुद्राकडे बघायला लागली.

"ठरलं होतं तर मला बोलली नाहीस."

"तू काही मागितलंस तर बोलणार ना, आई."

"आता मागते. तिला मी घेऊन जाते."

"आणि परत कोण आणणार? आम्हाला दोघांना रजा नाही. सहा वर्षांच्या मुलीला एकटीला विमानात बसवू?"

"मी आणून सोडीन."

"आणि मग तू एकटी परत. लगेच पुन्हा एवढा प्रवास. बाबांना इतके दिवस कोण बघणार?" मग म्हणाली, "आणि तिला इथे यायचंय गं. मी तिला विचारलंय."

परत येताना गाडीत इरा ओदिलशी बोलत होती आणि मी खिडकीतून गाई बघत होते. चांगल्या धष्टपुष्ट गाई. ते लोणी येतं कुठून ते कळलं.

चिरोटे

मग मी कंबर कसली. बिनमिठाचं लोणी शोधून आणायला लावलं, त्याचं रवाळ तूप कढवलं. पोळ्या लाटल्या, तांदळाची पिठी आणि तुपाचा साटा लावला, वळकटी केली, कापून पुन्हा लाटल्या, तळल्या. पदर असे सुटले की फुलासारखे. पिठीसाखर भुरभुरली. एक सकाळ गेली, पण मनात म्हटलं, आता करू दे काय करते ती. इराने एक खाल्ला, मग दुसरा, आणि म्हणाली, "आजी, हे ओदिलला आवडेल." दोन्ही हातांनी ताटली धरून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी ताटली आली. तिच्यावर एक गोल, जड, चकचकीत तांबूस वस्तू. त्याला क्विन्यमान म्हणतात. कणकेला लोणी आणि साखर लावून घड्यांवर घड्या घालायच्या आणि भाजायचं, वर साखरेचा काचेसारखा पापुद्रा. पदर! माझ्या पदरांना तिने पदरांनी उत्तर दिलं होतं. मी एक तुकडा मोडला आणि सोफ्यावर बसून राहिले. इतकं चांगलं की मला रडू आलं, आणि रडायचं कारण ते नव्हतं हे मला ठाऊक होतं.

मी पुरणाची डाळ भिजत घातली.

डाळ शिजायच्या आत दार वाजलं. ओदिल. पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी, आणि उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. मुग्धा त्या दिवशी घरूनच काम करत होती, तिला बोलावलं. ओदिल हळू आवाजात बरंच बोलली. मुग्धाचा चेहरा आधी गंभीर झाला, मग ती ओठ दाबायला लागली.

"काय झालं? सांग की!"

"आई, ती विचारतेय, हे थांबवायचं कसं? तिला येतं ते सगळं करून झालं. मनगट सुजलंय. पण इराने तिला सांगितलंय की आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत, ते फार वाईट असतं. म्हणून तुला वाईट वाटू नये, यासाठी ती रोज करतेय."

मी समजत होते ही माझ्यावर कुरघोडी करतेय. आणि ती बिचारी आमचीच रीत पाळत होती, माझ्याहून जास्त कडक! आमच्याकडे तरी एवढी कोण पाळतं?

"अगं तिला सांग," मी म्हटलं, "काही नसलं तर चिमूटभर साखर ठेवायची. तेवढ्यावर भागतं."

मुग्धाने सांगितलं. ओदिलने डोळे मोठे केले, मग असा हात वर केला की मला कळायला मुग्धाची गरज पडली नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं!

मी तिला आत बसवलं, मनगटाला हळदीचा लेप लावला. आपला पिवळा हात बघून ती हसली. आणि मग मी म्हटलं, "मुग्धा, तिला सांग, मला इराला सुट्टीत पुण्याला न्यायचं होतं."

"आई, हे सांगू?"

"सांग."

ओदिलने ऐकून घेतलं. मग बोलली, तेही माझ्याकडे बघून.

"ती म्हणते, तिला समजतं," मुग्धा म्हणाली. "तिची नातवंडं मोठी झाली, आता समुद्रावर येत नाहीत. ती म्हणते, मला वाईट वाटतं, पण जुलै मी देणार नाही."

देणार नाही! साखर न लावता, सरळ तोंडावर. मला राग यायला हवा होता, पण मनात आलं, ही बाई कसबा पेठेत जन्मायची ती चुकून इकडे जन्मली. तोवर डाळ शिजली होती, पुरण वाटलं. पोळ्या केल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा गॅस बंद करून तिच्याबरोबर जेवायला बसले. पोळ्या गार झाल्या. चालल्या.

परत

स्टेशनवर सगळे आले होते, ओदिलसुद्धा. मुग्धा सामान बघत होती. मी इराला म्हटलं, "ओदिलला विचार, नाताळात तुला सुट्टी असते ना? आई-बाबांना रजा नसते. ओदिलला तर नोकरी नाही. ती तुला घेऊन येईल का पुण्याला?"

हे बोलताना माझी जीभ किती जड झाली होती ते मलाच माहीत. माझ्या नातीला माझ्या घरी आणायला मी हिच्यापुढे हात पसरत होते.

इराने विचारलं. ओदिल लांबलचक काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?"

"ती विमानात कधीच बसली नाही. तिला भीती वाटते." इरा थांबली. "पण ती 'नाही' असं नाही म्हणाली."

गाडी आली.

आता जुलै चाललाय. मुग्धा फोटो पाठवते. इरा समुद्रात, इरा वाळूत, इरा तोंडभर कॅरॅमल माखून, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला एक लांब हडकुळा हात. काल मी फोन पालथा ठेवून दिला. ह्यांनी तो उलटा केला, चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, "धिरडं चांगलं दिसतंय." मग बराच वेळ तसाच हातात धरून बसले.

तुम्ही बसा अजून, चहा टाकते. पण आधी ओदिलबाईंना चार ओळी लिहिते. मुग्धा त्यांना हे वाचून दाखवेल. ओदिलबाई, विमानाची भीती मलाही वाटत होती. डोळे मिटायचे आणि आपल्याला कुठे जायचंय तेवढं आठवायचं, की वेळ जातो. डिसेंबरात आमच्याकडे हवा छान असते. तुम्हाला घरात काहीही करावं लागणार नाही, मनगटाला आराम द्या. मी अजूनही तुमच्यावर जळते, ते इथे आल्यावर समोरासमोर बोलू. तिकिटाचं लवकर बघा, आणि लवकर या.

येताना माझी नात घेऊन या.